दोन खोल्या आणि कागदांची चळत

तारकर्लीच्या घराच्या मागच्या दोन खोल्या. पडवी, पाच माड आणि सकाळी आईची घावनं-चटणी. एवढंच. पण पर्यटकांना द्यायच्या म्हटलं की जणू आपण पंचतारांकित हॉटेलच काढतोय!

पर्यटन खात्याची ‘निवास व न्याहारी’ योजना चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण एका खिडकीवर म्हणतात ‘आधी तिकडचं पत्र आणा’, आणि तिकडे गेलं की ‘आधी इकडचा दाखला’. घावनं खायला घालायची तर अन्न सुरक्षेची नोंदणी वेगळी. जीएसटीचं विचारलं तर तिघांची तीन उत्तरं. शेवटी सीएने सांगितलं, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी नको. २० लाख! दोन खोल्यांत! हसावं की रडावं?

परवा जर्मन जोडपं आलं. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरायचा. रात्री साडेअकराला मी पासपोर्टचे फोटो चढवतोय, रेंजची एकच काडी, आणि पान म्हणतंय ‘सेशन एक्स्पायर्ड’. पुन्हा पहिल्यापासून!

गोव्यात १९८२ पासून कायदाच आहे, पर्यटकांना खोली द्यायची तर नोंदणी हवीच. निदान काय ते सरळ कळतं तरी.

आणि आमचा शेजारी? ना पाटी, ना नोंदणी, अख्खा मे महिना फुल्ल. वर मलाच विचारतो, “कित्याक इतकी वणवण करतंस रे?”