गेटवर पाटी लावली म्हणून कुत्र्याचा मालक सुटत नाही

सध्या कोल्हापुरातल्या कॉलन्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की पाळीव कुत्रं चावलं तर मालकावर केस होत नाही, मुकं जनावर आहे ते, गेटवर ‘कुत्र्यापासून सावध रहा’ पाटी असली, लस झालेली असली आणि इंजेक्शनचा खर्च दिला की विषय संपला. साफ चूक आहे हे, आणि लोक खरं मानून गप्प बसतात म्हणून लिहितोय.

पहिलं, केसचं. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 बघा, 1 जुलै 2024 पासून लागू आहे, आधी आयपीसीत, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेत, हेच 289 होतं. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून कुणाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका आहे आणि तरी पुरेशी काळजी घेतली नाही, तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट एफआयआर घेऊ शकतात, नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून घरी जायची गरज नाही. वरळीत लिफ्टमध्ये कुत्रं चावलं म्हणून मुंबईच्या कोर्टानं 2025 मध्ये मालकाला 4 महिन्यांची शिक्षा सुनावलीय, ती 2018 च्या घटनेत, त्यामुळं जुनं झालं आता काय होतंय असंही नाही.

आता पाटी. उलट मला वाटतं पाटीच मालकाला अडचणीत आणते, कारण कुत्रं चावरं आहे हे त्याला माहीत होतं असं तीच सांगते. माहीत होतं तर साखळी का सोडली? भिंतीवरून उडी मारून आलेल्या चोराचं वेगळं, पण दूधवाला, गॅसवाला, लाईटचं रीडिंग घ्यायला आलेला पोरगा, ही माणसं कामानंच गेट उघडतात हो. आणि ताराबाई पार्कातल्या रस्त्यावर किंवा रंकाळ्यावर फिरवताना चावलं तर घरच्या गेटवरची पाटी काय कामाची?

लस द्यायलाच पाहिजे, पण तिचा संबंध रेबीजशी, फाटलेल्या पिंढरीशी नाही.

खर्च दिला तर चांगलंच, माणुसकी आहे, पण त्यानं गुन्हा पुसला जात नाही आणि बुडालेल्या मजुरीची, टाक्यांची, पुढच्या उपचाराची भरपाई दिवाणी कोर्टात मागता येते ती वेगळीच.

चावलं तर आधी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका, सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) किंवा जवळचा दवाखाना गाठा. केसपेपर जपून ठेवा, जखमेचे फोटो काढा, शेजारी कुणी बघितलं असेल त्याचं नाव लिहून ठेवा, आणि मग पोलीस स्टेशनला जावा.