बिल्टीवर मालाची सही

काका, नमस्कार.

निर्वासितांच्या मायदेशी परतण्यावर मी लिहिलेल्या लेखाला तुम्ही चांगलंच झोडपलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आयुष्य इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात गेलेल्या माणसाला गाड्या लावणं शिकवू नका. १९७१चे पूर्व पाकिस्तानातून आलेले एक कोटी निर्वासित आपण फॉर्म-मुलाखतींच्या भानगडीत न पडता दोन-तीन महिन्यांत परत पोचवले. २०२०च्या मे महिन्यात लॉकडाउनमुळे महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवरच्या बिजासन घाटावर अडकलेले मजूरही बसनेच पुढे गेले. मग संयुक्त राष्ट्रांचे लोक महिनोन्‌महिने कागद का रंगवतात, हा आळसच नाही का? ‘बिल्टी फाडा, माणसं बसवा, एवढं काय अवघड आहे?’

बिल्टीचंच, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीचंच घेऊ. तिच्यावर पाठवणारा असतो, घेणारा असतो. मालाची सही कुणी मागत नाही. निर्वासितांना परत पाठवताना सगळ्यात आधी सही लागते ती मालाचीच, म्हणजे जाणाऱ्या माणसाची, आणि गाडी सुटेपर्यंत ती मागे घ्यायची मुभाही त्याला असते.

१९७१चे आकडे तुमच्या बाजूचे आहेत, मी ते लपवत नाही. जानेवारी १९७२मध्ये रोज सरासरी २ लाखांहून अधिक माणसं सीमा ओलांडत होती, आणि मार्चअखेरीस भारत सरकारच्या अंदाजाने इथे जेमतेम ६० हजार उरली होती. पण घाई कुणाला होती ते बघा. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शस्त्रं खाली ठेवली आणि ज्याच्या भीतीने लोक पळाले होते तेच संपलं. सरकारी गाडीची वाट न बघता कितीतरी जण पायी, सायकलवर निघाले. सुमारे ३१ लाख तर छावणीत नव्हतेच, नातेवाइकांकडे होते. सरकारने रेल्वे दिली, ट्रक दिले, वाटेचं रेशन दिलं, आणि हे काम मोठंच होतं. रायपूरजवळच्या माना छावणीतून (तेव्हा ती आपल्याच मध्य प्रदेशात) कोण चालत बंगालपलीकडे जाणार? पण ‘जायचंय का?’ हे विचारायची वेळच आली नाही. लोक आधीच वाटेला लागले होते. बिजासन घाटाचंही तसंच. ते मजूर आपल्याच देशात आपल्याच घरी निघाले होते, त्यांना फक्त चाकं हवी होती.

आता नुसती चाकंच असली की काय होतं ते सांगतो. २२ ऑगस्ट २०१९, बांगलादेशात टेकनाफजवळची शालबागान छावणी. म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्यांना परत न्यायला बस उभ्या, सामानाला ट्रक उभे. म्यानमारने मंजूर केलेल्या यादीत सुमारे ३,४५० नावं. गाडीत बसायला एकही माणूस आला नाही. त्याआधी १५ नोव्हेंबर २०१८लाही हेच घडलं होतं. नागरिकत्व नाही, सुरक्षेची हमी नाही, स्वतःच्या गावातली जमीन मिळेल याचा भरवसा नाही, तर कशाला जायचं, असा त्यांचा सवाल होता. तुमच्या धंद्यात हा रिकामा फेरा, डिझेलचं नुकसान. मी म्हणतो, त्या दिवशी व्यवस्थेतला एक भाग तरी नीट चालला: लोकांना आधी विचारलं गेलं, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला कुणी उचलून गाडीत कोंबलं नाही.

एका बाबतीत मात्र तुमच्या बिरादरीला पूर्ण गुण. २००२मध्ये पाकिस्तानातून १५ लाखांहून अधिक अफगाण परतले, ते प्रामुख्याने स्वतः ठरवलेल्या भाड्याच्या ट्रकमधून. घराच्या तुळया, दारं-खिडक्यासुद्धा लादून. लाकूड तिकडे महाग, सोडून कोण येईल? संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने गाड्या लावल्या नाहीत, अंतराप्रमाणे प्रवासखर्च दिला, आणि तोही सीमेपलीकडे पोचल्यावर. तिथेच मुलांना लस, आणि भूसुरुंग कसे ओळखायचे याची माहिती. काही हुशार मंडळी पैसे घेऊन पुन्हा मागे येऊन रांगेत लागू लागली, तेव्हा पेशावरजवळ बुबुळांची तपासणी सुरू झाली. (भाड्याच्या धंद्यात हे तुम्हाला नवीन नसणार.)

कंबोडियात गाड्यांचा प्रश्न सुटला आणि जमिनीचा अडला. मार्च १९९२पासून वर्षभरात थायलंडच्या सीमेवरून साडेतीन लाखांहून अधिक लोक बसने, रेल्वेने परतले. त्यांना शेतजमीन द्यायचं ठरलं होतं. पण सुरुंग नसलेली, कुणाच्या मालकीची नसलेली जमीन पुरेशी सापडेना. शेवटी बहुतेक कुटुंबांनी जमिनीऐवजी रोख रक्कम पत्करली: मोठ्या माणसाला ५० डॉलर, लहानाला २५, सोबत काही महिन्यांचं धान्य. उतरल्यावर जायचं कुठे हे आधी ठरवावं लागतं, ते असं.

‘आळस’ हा शब्द म्हणूनच मला मान्य नाही. आपल्याच देशात घाई करून झालेली आहे. १९९२ ते १९९५मध्ये तामिळनाडूतून ५० हजारांवर श्रीलंकन तमिळ परत गेले आणि त्यांच्यावर दबाव आणल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की, लोक खरंच स्वखुशीने जाताहेत का हे तपासायला संयुक्त राष्ट्रांच्या त्याच निर्वासित संस्थेला चेन्नईत कार्यालय उघडावं लागलं. आज तिथून जायचं म्हटलं तर विमानाचं तिकीट एका दिवसात निघेल. छावणीत जन्मलेल्या पोराचा जन्मदाखला, त्यावरून श्रीलंकेचं नागरिकत्व, मग भारत सोडायची परवानगी, ही साखळी मात्र एका दिवसात पुरी होत नाही. तुमच्या ओळखीचा एखादा एजंट ती लवकर जुळवून देत असेल, तर जरूर कळवा.