‘वजनं टांगण्याचा जमाना गेला’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

क्रीप चाचणीच्या (तापलेला धातू स्थिर भाराखाली हळूहळू किती ताणला जातो, कधी तुटतो हे पाहणाऱ्या) यंत्रांवरच्या माझ्या लेखाखाली आपण जे लिहिलंत ते इतरांच्या सोयीसाठी आधी आपल्याच शब्दांत देतो: “लिव्हरला वजनं टांगायचा जमाना गेला. सर्वो यंत्राने हे काम जास्त अचूक होतं. लेखकाने संग्रहालयातून बाहेर यावं.” त्याखाली आणखी तीन तक्रारी आहेत. तापमानातल्या पाच अंशांच्या फरकाचा मी बाऊ केला, लार्सन-मिलर (आखूड चाचण्यांवरून दीर्घ आयुष्याचा अंदाज देणारं सूत्र) असताना लाख तासांच्या चाचण्या कशाला, आणि लेख लांबला.

मतभेदाला माझी ना नाही. पण ‘संग्रहालयातून बाहेर यावं’ हा मतभेद नव्हे, टोमणा आहे, आणि तो मारण्याआधी लेख शेवटपर्यंत वाचायला हवा होता. सर्वो यंत्र (वजनांऐवजी मोटर आणि स्क्रूने भार देणारं) कुठे वापरावं याचे दोन परिच्छेद त्यात आहेत. या यंत्रांच्या रांगांतच माझी उमेदीची वर्षं गेली, दोन्ही जातींची यंत्रं हाताखालून गेली. तेव्हा ‘बाहेर या’ हे जरा सांभाळून म्हणावं.

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. स्ट्रेस रिलॅक्सेशन (लांबी धरून ठेवल्यावर भार कसा उतरतो ते पाहणं), ठरावीक स्ट्रेन रेटची (ताणण्याच्या ठरावीक वेगाची) चाचणी, क्रीप-फटीग (क्रीपच्या जोडीला भार वरखाली करणं) ही कामं वजनांच्या यंत्राचं क्षेत्रच नाही. तिथे सर्वोच लागतं. पण लेख त्या कामांवर नव्हता. स्थिर भाराखाली वर्षानुवर्षं चालणाऱ्या चाचणीवर होता.

आता ‘जास्त अचूक’कडे येऊ. सर्वो यंत्राला भार किती आहे ते कळतं लोड सेलवरून, म्हणजे भार मोजणाऱ्या संवेदकावरून. लोड सेलचं शून्य काळाबरोबर सरकतं, आणि भार काढल्याशिवाय ते तपासता येत नाही. चार वर्षांच्या चाचणीत भार मधेच काढणार कोण? म्हणजे पडद्यावर ७,८५४ न्यूटन चार दशांशांपर्यंत दिसत राहतात आणि नमुन्यावर प्रत्यक्षात किती आहेत हे कुणालाच ठाऊक नसतं. १० मिमी व्यासाच्या नमुन्यावर १०० मेगापास्कल हवे असतील तर दहास एक (वजनाचा भार दहापट करणाऱ्या) लिव्हरवर साधारण ८० किलो वजनं ठेवायची. ते ८० किलो चार वर्षांनीही ८० किलोच असतात.

वीज गेली की काय होतं, हे आपण लिहिलेलंच नाही. सर्वो यंत्राची मोटर बंद पडते, ब्रेक लागतो, स्क्रू जागच्या जागी अडकतो. भट्टी मात्र थंड होऊ लागते. पुल रॉड (नमुन्याला ओढणाऱ्या दांड्या) आणि नमुना मिळून गरम भाग ३०० मिमी धरला, तर १०० अंश उतरताना तो सुमारे ०.४ मिमी आखडतो. बाहेरचे खांब थंडच असल्यामुळे ते तसूभरही आखडत नाहीत. १०० मेगापास्कलखाली ५० मिमी गेज लांबीचा (मोजमापाच्या भागाची लांबी) नमुना लवचिकपणे ताणला जातो तो जेमतेम ०.०३ मिमी. हिशोब आपणच करा. पुल रॉड आणि जोड थोडं झेलतील, तरी भार कितीतरी पट चढतो आणि नमुना कायमचा ताणला जाऊ शकतो. वजनांच्या यंत्रात त्याच वेळी लिव्हरचं टोक थोडं वर जातं, भार तोच राहतो. जेवढा वेळ तापमान मर्यादेबाहेर होतं तेवढे तास नोंदवून वजा करायचे. ‘यूपीएस लावा’ म्हणाल. लावा की! पण भट्टीला तासन् तास पुरेल एवढा लावा, नुसत्या कंट्रोलरपुरता नको.

याचा अर्थ लिव्हर यंत्र निर्दोष आहे असा नाही, आणि लेखात तसं कुठेही म्हटलेलं नाही. खरी दुखणी निराळी आहेत, त्यांवर आपण बोट ठेवलं असतं तर आनंद झाला असता. लिव्हरची आखूड बाजू ५० मिमी असेल आणि झिजलेल्या नाइफ एजमुळे (लिव्हर ज्यावर टेकतो ती धार) टेकण्याची रेघ अर्धा मिमी सरकली, तर भारात एक टक्का चूक. स्ट्रेस एक्स्पोनंट (ताणाच्या कितव्या घाताने क्रीपचा वेग वाढतो तो आकडा) १० असलेल्या मिश्रधातूत त्याचा क्रीपच्या वेगावर साधारण दहा टक्के परिणाम होतो. म्हणून दोन चाचण्यांच्या मधे नमुन्याच्या जागी प्रमाणित लोड सेल बसवून लिव्हरचं गुणोत्तर पडताळायचं, धारेवर भिंग धरायचं, खाचेतली धूळ काढायची. (हो, लोड सेल इथेही आहे. पण तो घटकाभराचा पाहुणा असतो, त्याचं शून्य आधी आणि नंतर दोन्हीदा तपासता येतं.) तीनही नाइफ एज एका रेषेत नसतील तर लिव्हर कलताच गुणोत्तर बदलतं. लिव्हर परत आडवा करणारी मोटर झटका देत असेल तर स्ट्रेनच्या आलेखात पायऱ्या दिसतात. भार चढवताना पलड्याखालचा जॅक हळूहळू उतरवायचा, वजनं आदळायची नाहीत. नमुना तुटेल तेव्हा पलडा पडणारच, त्याखाली रबराचा जाड थर नसेल तर धक्का शेजारच्या यंत्रांच्या नोंदींत उमटतो.

पाच अंशांबद्दल थोडक्यात. लार्सन-मिलर आपल्यालाच प्रिय आहे, तर तेच घ्या. सूत्रातला स्थिरांक २०, तापमान ६०० सेल्सियस, आयुष्य १,००,००० तास. तापमान ६०५ करा, आयुष्य ७२,००० तासांच्या आसपास येतं. अठ्ठावीस टक्के गेले. यालाच आपण ‘बाऊ’ म्हणता. आणि हे पाच अंश हरवतात फार साध्या रीतीने. थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या दोन तारांच्या जोडाचा) मणी नमुन्यापासून केसभर उचलला गेला की त्याला भट्टीच्या तारांची धग लागते, तो जास्त तापमान दाखवतो, कंट्रोलर भट्टी उतरवतो. नमुना थंड राहतो, जास्त टिकतो, आणि अहवालात धातू आहे त्याहून चांगला ठरतो. मणी घट्ट बांधा, वर सिरॅमिकची आड द्या, भट्टीचं वरचं तोंड सिरॅमिक लोकरीने बंद करा, नाहीतर गरम हवा वर चढून वरचा झोन तापतो. लोकर एक्स्टेन्सोमीटरच्या (नमुन्याच्या लांबीतली वाढ मोजणाऱ्या उपकरणाच्या) दांड्यांना टेकू देऊ नका. के प्रकारच्या (निकेल मिश्रधातूंच्या) थर्मोकपलचं वाचन हजारो तासांत सरकतं, म्हणून दीर्घ चाचणीला आर किंवा एस (प्लॅटिनमचे) प्रकार. वापरलेलं थर्मोकपल काढून दुसऱ्या भट्टीत तपासण्यातही अर्थ नाही. तारेचा जो भाग तापमानाच्या उतारात होता तिथेच बिघाड असतो, आणि दुसऱ्या भट्टीत तो उतार दुसरीकडे पडतो.

लाख तास कशाला? ९ टक्के क्रोमियमच्या स्टीलला विचारा. आखूड चाचण्यांवरून काढलेले अंदाज दीर्घ चाचण्यांनी खाली ओढले, त्यांतल्याच ग्रेड ९१ या स्टीलची आकडेवारी त्यामुळेच पुन्हा तपासावी लागली. जपानमध्ये १९६९ साली कार्बन स्टीलवर ४०० अंशांना सुरू केलेल्या चाचणीने २०११ मध्ये ३,५६,४६३ तासांचा जर्मनीतला विक्रम ओलांडला. तेवढ्या काळात सर्वो कंट्रोलरच्या किती पिढ्या बाद झाल्या असत्या, हे आपणच सांगा.

लेख लांब आहे, हे खरं. विषयही लांबच आहे.

पुढची प्रतिक्रिया जरूर लिहा. फक्त त्यात आपल्या सर्वो यंत्राच्या लोड सेलचं शून्य चाचणी चालू असताना आपण कसं तपासता, तेही लिहा.