देश फुकट मिळाला असल्यास

समजा, उद्या सकाळी एखादा गोरा साहेब आला आणि तुमच्या हातात अख्खा देश ठेवून निघून गेला, तर गांगरून जाऊ नका. ४ फेब्रुवारी १९४८ रोजी सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, स्वातंत्र्य जवळपास असेच मिळाले. फाळणी नाही, निर्वासितांच्या गाड्या नाहीत. उलट चहा, रबर आणि नारळाची चालती निर्यात, १९३१ पासून बायाबापड्यांसकट सर्वांना मत, मोफत शिक्षण आणि रेशनवर स्वस्त तांदूळ. इतके धडधाकट सामान मोडायचे म्हणजे मेहनत पडते, पण मनावर घेतले की जमते.

पहिले काम मतदारयादीचे. चष्मा पुसा आणि आपल्याला मत न देणारे कोण, ते शोधा. सिलोनमध्ये ते चहाच्या मळ्यांवर सापडले. इंग्रजांनी तमिळ मुलखातून आणलेल्या मजुरांची पोरे-नातवंडे, सात लाखांहून अधिक. १९४७ च्या निवडणुकीत त्यांनी स्वतःचे खासदार निवडून आणले, वर डाव्यांनाही मते दिली. मग लगेच नागरिकत्वाचा कायदा: तुझा बाप इथेच जन्मला, याचा कागद दाखव. आता मळ्यावरच्या चाळीतल्या एका खोलीत जन्मलेल्या बापाचा दाखला कोण काढून ठेवतो? चहाच्या पेटीवर मळ्याचे नाव आणि वजन छापलेले असते, माणसावर नसते. १९४९ मध्ये त्यांचे मतही गेले. पुढे १९६४ साली आपले शास्त्रीजी आणि तिकडच्या पंतप्रधान सिरिमाव बंदरनायके यांनी बसून वाटणी केली: सव्वापाच लाख भारताला, तीन लाख सिलोनला. दीड लाख उरले, ते नंतर बघू म्हणून बाजूला ठेवले. ज्यांची वाटणी चालली होती त्यांना विचारायचे नसते, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

पक्ष घरातच ठेवावा. पहिले पंतप्रधान डी. एस. सेनानायके १९५२ मध्ये घोड्यावरून पडून वारले, मग मुलगा डडली आला, मग भाचा-पुतण्यांत मोडणारे कोटेलावला. त्यांच्या यूएनपी, म्हणजे युनायटेड नॅशनल पार्टी, या पक्षाला लोक 'अंकल-नेफ्यू पार्टी' म्हणू लागले. मराठी वाचकाला याचा अर्थ सांगत बसत नाही.

तांदळाला मात्र फार जपून हात लावा. कोरियातले युद्ध ओसरले, रबराचा भाव पडला, तिजोरीत खडखडाट झाला, तेव्हा १९५३ मध्ये अर्थमंत्री जे. आर. जयवर्धने यांनी रेशनच्या तांदळाचे माप २५ सेंटवरून ७० सेंटवर नेले. कागदावरचा हिशेब बरोबर होता. फक्त तो शिजत नव्हता. १२ ऑगस्टला हरताळ झाला, रूळ उखडले, गोळीबारात माणसे मेली, आणि मंत्रिमंडळाची बैठक कोलंबोच्या बंदरात उभ्या असलेल्या ब्रिटिश युद्धनौकेवर भरली. ज्या साहेबाला पाच वर्षांपूर्वी हार घालून निरोप दिला, त्याच्याच बोटीत! ऑक्टोबरात डडलींनी राजीनामा दिला. यावरून पुढच्या प्रत्येकाने एकच धडा घेतला: तांदूळ पिकेल न पिकेल, वचन पिकवत राहावे.

भात देता येत नसेल तेव्हा भाषा द्या. ती आयात करावी लागत नाही. त्यासाठी ती तुम्हाला उत्तम यायला हवी असेही नाही. सॉलोमन वेस्ट रिजवे डायस बंदरनायके हे नाव वाचा. गव्हर्नरच्या नावावरून ठेवलेले नाव, ख्रिस्ती घरात जन्म, ऑक्सफर्डचे शिक्षण. त्यांनी '२४ तासांत सिंहली', म्हणजे बहुसंख्याकांची सिंहली हीच एकमेव राजभाषा, अशी घोषणा दिली आणि १९५६ ची निवडणूक मारली. एक भाषा कराल तर दोन देश होतील, दोन ठेवाल तर एक राहील, असे डावे नेते कॉल्विन आर. डि सिल्वा संसदेत बजावत होते. असल्या माणसांना बोलू द्यावे, पुढे लेखांत उद्‌धृत करायला बरी पडतात.

१९५७ मध्ये बंदरनायके यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी समझोता केला. तुमच्याही हातून असे शहाणपण घडेल. पण फार काळजी करू नका, विरोधी पक्ष कशासाठी असतो? तेच जयवर्धने समझोत्याविरुद्ध कँडीपर्यंत पदयात्रेला निघाले. पुढच्या एप्रिलात भिक्खूंनी पंतप्रधानांच्या हिरवळीवर ठाण मांडले आणि समझोता रद्द झाल्याचे लिहून घेऊनच ते उठले. त्याच सुमारास सरकारी बसच्या नंबरप्लेटवर सिंहली लिपीतले 'श्री' आले. आपण ज्या अक्षराने शुभारंभ करतो, तेच. उत्तरेत तमिळांनी त्यावर डांबर फासले, दक्षिणेत सिंहलींनी तमिळ पाट्यांवर. डांबर कुणाचे अधिक चांगले, यावर मे १९५८ मध्ये दंगली झाल्या. पुढल्या वर्षी घरी भेटायला आलेल्या एका भिक्खूने बंदरनायके यांना गोळ्या घातल्या. ज्यांच्या खांद्यावर बसून सत्तेत आलात, त्यांना दारावर अडवता येत नाही.

आता चंद्राचे सांगतो, कारण हा माझा आवडता भाग आहे. १९६६ साली, पुन्हा पंतप्रधान झालेल्या डडलींच्या सरकारने रविवार रद्द केला. रविवार ख्रिस्ती, म्हणून सुट्टी चंद्राच्या कलेप्रमाणे, पोयाच्या दिवशी. म्हणजे आठवडा कधी सात दिवसांचा, कधी आठ. लंडनचा व्यापारी आपला सोमवार धरून बसलेला, आणि कोलंबोचा कारकून पंचांग उघडून बघतोय, उद्या ऑफिस आहे का! १९७१ मध्ये रविवार परत आणावा लागला. दरम्यान १९७० च्या प्रचारात बंदरनायके यांच्या विधवा सिरिमावबाईंच्या आघाडीने तांदूळ चंद्रावरूनसुद्धा आणू, असे सांगितले होते. माणूस चंद्रावर उतरून वर्षही झाले नव्हते, त्यामुळे लोकांना ते शक्य कोटीतले वाटले असावे.

सिरिमावबाई निवडून आल्या, पण चंद्रावर तांदूळ निघाला नाही. त्याच वर्षी ५० आणि १०० च्या नोटा रद्द झाल्या. (हसू नका.) १९७१ मध्ये शिकलेल्या बेकार पोरांनी बंड केले, ते हजारोंच्या संख्येने मारले गेले. पावासाठी रांगा लागल्या, लोक ज्याचा आपण साबुदाणा करतो तो कंद उकडून खाऊ लागले. गावाहून दोन पायल्या तांदूळ घेऊन येणाऱ्या बाईची पिशवी वाटेवरच्या चौकीत उघडली जाई, कारण ठरल्यापेक्षा जास्त तांदूळ नेणे गुन्हा होता.

एवढी पूर्वतयारी झाली की मोठे बहुमत आपोआप येते. १९७७ मध्ये जयवर्धने १६८ पैकी १४० जागा घेऊन आले, तांदूळ महाग करणारे आणि पदयात्रेवाले, तेच. त्यांनी बाजार खुला केला आणि स्वतः सर्वाधिकारी राष्ट्राध्यक्ष झाले. बहुमत जाऊ नये म्हणून डिसेंबर १९८२ मध्ये निवडणुकीऐवजी सार्वमत घेतले: संसद तशीच चालू ठेवायची तर दिव्यावर शिक्का, निवडणूक हवी तर मडक्यावर. दिवा जिंकला.

सुरुवातीला काढलेली ती मतदारयादी टाकून दिली नसेलच. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत जमाव निघाला तेव्हा कित्येकांच्या हातात ती होती. नाव, घर क्रमांक, रस्ता. तमिळांची घरे कुठली, हे कुणाला विचारावे लागले नाही.