वाकलेल्या मानेचं फूल

सह्याद्रीतल्या परजीवी वनस्पतींवरच्या तुमच्या लेखात एजिनेशिया इंडिकाला दोनच ओळी मिळाल्या, वाईट वाटलं. पावसाळ्यात गवताच्या बुडाशी नीट बघा: हिरवं पान एकही नाही, नुसता उभा दांडा आणि टोकाला मान वाकवलेलं जांभळट-गुलाबी फूल. अन्नपाणी सगळं यजमानाच्या, म्हणजे ज्या झाडावर ते जगतं त्याच्या, मुळांतून. उसालाही सोडत नाही. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये नाव दिलं ते ७व्या शतकातल्या, ग्रीसमधल्या एजिना बेटावरच्या पॉलस या वैद्यावरून. जपानी लोकांनी मात्र फुलाकडे बघूनच नाव ठेवलं, 'नानबान गिसेरु', म्हणजे दक्षिणेकडून आलेल्या परक्यांचा (तेव्हाचे पोर्तुगीज वगैरे) तंबाखूचा पाइप. आकार अगदी तोच! जुनं नाव 'ओमोइगुसा', विचारात बुडालेलं गवत, मला जास्त आवडतं. आपल्याकडच्या गावोगावच्या नावांवरही सविस्तर लिहा, ही विनंती.