पडकं आहे, तसंच राहू दे

आई-बाबा इथे अमेरिकेत आले होते, तेव्हा योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या पलीकडे उतरून त्यांना बोडीला घेऊन गेलो. शेवटचे तीन मैल कच्चा रस्ता, कंबरेचे काटे ढिले. गाडीतून उतरता उतरता आई म्हणाली, "एवढ्या लांब ही पडकी घरं दाखवायला आणलंस? सरकार दुरुस्त का नाही करत?"

सरकार करतंय. फक्त केलेलं दिसू नये, अशा बेताने करतंय.

बोडी हे कॅलिफोर्नियातलं सोन्याच्या खाणीचं गाव. आठ हजार फुटांहून उंच, झाडाचं नाव नाही. १८८० च्या सुमारास आठ-दहा हजार वस्ती होती म्हणतात. पुढे सोनं आटलं, १८९२ आणि १९३२ ला मोठ्या आगी लागल्या. १९६२ मध्ये राज्याने गाव ताब्यात घेतलं तेव्हा जेमतेम पाच टक्के इमारती उभ्या होत्या. मग ठरलं की सापडलं तसं ठेवायचं. 'अरेस्टेड डिके', म्हणजे थोपवलेली पडझड. छप्पर गळतंय? बुजवा. पाया खचतोय? आधार द्या. पण कललेलं घर कललेलंच राहणार, रंगाचा हात नाही, आतल्या सामानावरची धूळही तशीच. हिवाळ्यात गाव बर्फात गाडलं जातं आणि २०१६ च्या भूकंपातही काही इमारतींना फटका बसला. म्हणजे 'काही करायचं नाही' हेही बारमाही काम आहे, आणि ते करणाऱ्यांना फीत कापायला कधीच मिळत नाही!

आईला कॅलिको आवडलं असतं. कॅलिफोर्नियातलंच चांदीच्या खाणीचं ते गाव १९५१ मध्ये करमणूक-बाग चालवणाऱ्या वॉल्टर नॉट यांनी विकत घेतलं आणि जुन्यासारखं नवं बांधून काढलं. मुलांना मजा येते, पण मला तो गणपतीतला देखावा वाटतो. साउथ डकोटा राज्यातल्या डेडवुड या जुन्या सोन्याच्या गावाने १९८९ मध्ये जुगाराला परवानगी देऊन त्या पैशातून जतन केलं. पैसा खरंच जतनाला लागला, नाही म्हणत नाही. पण जुन्या दर्शनी भिंतीआड नाणी गिळणारी यंत्रं बघायला मी कशाला जाऊ?

तरी बोडीची एक गोष्ट मला खुपते. किंग स्ट्रीटवर चिनी लोकांची मोठी वस्ती होती. तिचं आज जवळपास काहीच उभं नाही, आणि नवं काही उभारायचं नाही हा नियम. म्हणजे ज्यांची घरं गेली, त्यांना हा नियमही गावात परत येऊ देत नाही. पाटी लावता येईल, पण पाटी कोण वाचतं? नियम मोडावा असंही वाटत नाही. इथे माझी मती खुंटते.

निघताना आईने एक गंजका खिळा उचलला. इथली वस्तू नेली की शाप लागतो म्हणतात, लोक माफीची पत्रं लिहून वस्तू परत पाठवतात, असं तिला सांगितलं. ही कथा गावाची राखण करणाऱ्या रेंजर लोकांनीच पसरवली असं ऐकलंय, ते मात्र सांगितलं नाही. तिने खिळा अगदी होता त्याच जागी ठेवला, आणि पुन्हा वाकून थोडा सरळ केला.