खिडक्या बंद ठेवा म्हणे!

माझ्या आईने जन्मात विडी-सिगारेटला हात लावला नाही. तरी तिला सीओपीडी, म्हणजे श्वासाची वाट अरुंद करत नेणारा फुफ्फुसांचा कायमचा आजार. निम्मं आयुष्य गावी चुलीत फुंकणी फुंकण्यात गेलं, आणि आता उरलेलं ठाण्यातल्या घोडबंदर रोडची धूळ खाण्यात चाललंय. काल रात्री पुन्हा दम उसळला. अडीच वाजता नेब्युलायझर लावून तिला उशांना टेकवून बसवलं. प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. आणि खाली डंपर, एकामागून एक. ताडपत्री एकावरही नाही!

सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. तरी ही दिसणारी धूळ. पीएम २.५ म्हणतात ते कण केसाच्या जाडीच्या विसाव्या भागापेक्षाही बारीक, ते नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात आणि तिथून रक्तात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यांची वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली. आपल्याकडे २००९ पासून ४० चालतं. आठपट! आमची फुफ्फुसं काय लोखंडाची आहेत?

समोरच्या साइटची हिरवी जाळी दोन महिने फाटून लोंबतेय. पाणी मारा, जाळी बदला, गाडीची चाकं धुऊन मग बाहेर सोडा. यातलं काय जमत नाही? तक्रार केली तर पलीकडून उत्तर, "मॅडम, बांधकाम म्हटलं की थोडी धूळ होणारच." थोडी? सीओपीडीने २०१९ या एका वर्षात जगात ३२ लाख माणसं गेली, त्यातली बहुतेक गरीब आणि मध्यम देशांतली. यांच्या हिशेबात तेही थोडंच असेल!

आणि आम्हाला सल्ले. खिडक्या बंद ठेवा, मास्क लावा, थंडीत सकाळी फिरायला जाऊ नका. म्हणजे धूळ करणारा मोकळा आणि कोंडून घ्यायचं आजारी माणसाने. गॅलरीतून येऊरचा डोंगर दिसतो म्हणून हे घर घेतलं होतं हो आम्ही! आई तिथेच बसून भाजी निवडायची. जानेवारीत वारा पडला की डोंगर दिसतच नाही, नुसता राखाडी पडदा. आता ती काचेच्या आत बसते, हातात पंप घेऊन, आणि रोज विचारते, "अगं, आज जरा उघडू का?"

आजही नाही म्हणाले मी तिला.